तरुण वय, व्यायाम आणि स्तनाचा कर्करोग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ३२ असून हिंजवडीत आयटी कंपनीत दिवसभर बसून काम असते. वजन आटोक्यात आहे. तरीही स्तनाच्या कर्करोगाच्या दृष्टीने व्यायाम आवश्यक आहे का?

उत्तर : आहे. स्थूलपणामुळे हा धोका वाढतो, हे प्रामुख्याने पाळी गेल्यानंतरच्या वयात दिसते. पाळी चालू असताना वजनाचे आणि या आजाराचे नाते तितके सरळ नाही. त्यामुळे व्यायामाचा लाभ वजनकाट्यावर जोखू नये. नियमित हालचालीने इन्शुलिनची पातळी आटोक्यात राहते, शरीरातील दाह कमी होतो आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावरही काही परिणाम होत असावा, असे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. दहावीच्या क्लाससाठी तिचे बॅडमिंटन बंद करावे, असे घरात चालले आहे. (कोथरूड)

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील सुमारे ६५ हजार परिचारिकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वयाच्या १२व्या वर्षापासूनच्या आपल्या व्यायामाची माहिती दिली होती. सर्वाधिक सक्रिय स्त्रियांमध्ये, सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांच्या तुलनेत, पाळी जाण्यापूर्वीच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका २३ टक्क्यांनी कमी आढळला आणि त्यात १२ ते २२ या वयातील हालचालीचा वाटा सर्वांत मोठा होता. ही हालचाल आठवड्याला सव्वातीन तास धावण्याइतकी किंवा १३ तास चालण्याइतकी होती, म्हणजे थोडीथोडकी नव्हे. माहिती आठवणीवर आधारलेली असल्याने आकडा काटेकोर मानू नये. परंतु स्तनांची वाढ याच वर्षांत होत असल्याने निष्कर्ष तर्काला धरून आहे. आपल्याकडे नेमकी याच वयात रॅकेट माळ्यावर जाते, आणि तीही बहुधा मुलीचीच. क्लासच्या दिवसांत रोज जमले नाही, तर दिवसाआड तरी तिला कोर्टवर जाऊ द्यावे.

प्रश्न : घरकाम व्यायामात धरावे का?

उत्तर : दम लागत असेल तर धरावे. काम करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम हवेत.

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून रोज हनुमान टेकडी चढते. स्तनात वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ लागते आहे. इतका व्यायाम असताना काळजी करावी का?

उत्तर : गाठ तपासून घ्यावी, आणि याच आठवड्यात. व्यायामाने शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही. शिवाय दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही. या वयातील बहुतेक गाठी साध्याच निघतात, परंतु हा निर्णय हाताच्या स्पर्शावर सोडू नये. तरुण स्त्रियांच्या स्तनांतील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने तुकडा घेऊन तपासणी सांगतील. आई, बहीण किंवा मावशी यांपैकी कोणाला कमी वयात हा आजार झाला असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे. जनुकीय तपासणीचा विचार त्यावरून होतो. टेकडी मात्र चालू ठेवावी.