लेक सोरोरिटीत गेली : पालकांच्या पत्रांना उत्तरं

अमेरिकेतली कॉलेजं सुरू झाली की माझ्याकडे एका विषयावरची पत्रं हमखास वाढतात. एका विद्यापीठात विद्यार्थी-समुपदेशनाचं काम करत असल्याने तोच विषय मला कामावरही भेटतो. म्हणून या वेळचं सदर सगळं सोरोरिटीवर, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या ग्रीक अक्षरी नावांच्या मंडळ्यांवर.

प्रश्न : आमची लेक यंदा दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात गेली. दुसऱ्याच आठवड्यात फोनवर किंचाळली, "आई, मला बिड मिळालं!" मी विचारलं, कितीचं? तर चिडलीच. आता रोज नव्या टी-शर्टातले फोटो येतात, त्यावर ग्रीक अक्षरं. आम्ही दोघं मुंबईत होस्टेलवर राहून शिकलो, पण हे असलं काही पाहिलं नाही. हे आहे काय? आणि आम्हाला न विचारता तिने सही कशी केली? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

सही केली, कारण ती अठरा वर्षांची आहे आणि तिला विचार करायला फार तर तासभर मिळाला असेल. तो तासभर तिने तुम्हाला फोन लावण्यात घालवला नाही, एवढंच.

ग्रीसशी याचा काही संबंध नाही, अक्षरं तेवढी तिथली. १९व्या शतकात अमेरिकी कॉलेजांत मुलांच्या गुप्त मंडळ्या होत्या आणि त्यांत मुलींना जागा नव्हती, म्हणून मुलींनी आपापल्या काढल्या. १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी मुलींच्या एका कॉलेजात 'अडेल्फियन सोसायटी' सुरू झाली, तीच आजची अल्फा डेल्टा पाय. १८७० मध्ये इंडियानात काप्पा अल्फा थीटा निघाली. वर्गात मोजक्याच मुली असायच्या आणि प्राध्यापकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत बहुतेकांना त्या नको असायच्या, अशा काळातली ही गोष्ट. १९०२ मध्ये या संस्थांची शिखर परिषद झाली. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स तिचं नाव, आज तिच्यात २६ सोरोरिटी आहेत. प्रत्येकीचं एक राष्ट्रीय कार्यालय आणि विद्यापीठागणिक एकेक चॅप्टर, म्हणजे शाखा.

रोजचा कारभार समजायला पुण्यातलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. वर्गणी, ठरलेला पोशाख, सरावाला दांडी मारली की बोलणी, जुन्यांचा नव्यांवर दरारा आणि त्यातूनच जन्मभराच्या मैत्रिणी. पथकापथकांत फरक असतो तसा चॅप्टरा-चॅप्टरांतही असतो. त्यामुळे "सोरोरिटी चांगली की वाईट" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिचा चॅप्टर कसा आहे, ते विचारा.

आता बिड. मोठ्या विद्यापीठांत 'रश', म्हणजे नव्या मुली निवडण्याचा सोहळा, चांगला आठवडाभर चालतो. पहिल्या फेरीत मुली सगळ्या सोरोरिटींना भेटतात, मग प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंनी नावं गळत जातात. शेवटच्या फेरीनंतर मुलगी आपला पसंतीक्रम लिहून एका करारावर सही करते, चॅप्टरही आपली यादी देतात आणि जोड्या जुळवल्या जातात. जुळलेलं आमंत्रण म्हणजे बिड. सही केल्यावर ते नाकारलं, तर परिषदेतल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत त्या विद्यापीठात साधारण वर्षभर जाता येत नाही.

तुमच्या कामाची तारीख मात्र पुढेच आहे. बिडनंतर काही आठवडे 'न्यू मेंबर'चा काळ असतो आणि मग इनिशिएशन, म्हणजे पक्कं सभासद करून घेण्याचा विधी. एकदा इनिशिएशन झालं की त्या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीचं सभासदत्व आयुष्यात घेता येत नाही. मन बदलायचं असेल तर ते त्याआधी. तारीख तिला आजच विचारून ठेवा.

प्रश्न : मुलगी इंडियानात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एज्युकेशन लोनवर. आता म्हणते, सोरोरिटीचे पैसे भरायचेत. कशाचे, ते धड सांगत नाही. मी म्हटलं, तुला शिकायला पाठवलंय. त्यावर दोन दिवस अबोला. शिवाय व्हिसाला काही धोका नाही ना? (एक वडील, पुणे)

धड सांगत नाही, कारण बहुधा तिलाही धड माहीत नाही. प्रत्येक चॅप्टरकडे खर्चाचा छापील तक्ता असतो आणि सभासदाला पैशांच्या करारावर सही करावी लागते. ती दोन्ही कागदपत्रं मागवा. त्यात सेमिस्टरची वर्गणी असते, पहिल्या वर्षी न्यू मेंबर फी आणि इनिशिएशन फी वेगळी, बॅज म्हणजे छातीवर लावायची ती छोटी पिन वेगळी. बऱ्याच चॅप्टरांचं सभासदांना राहायला स्वतःचं घर असतं, तिथे न राहणाऱ्या मुलींकडूनही त्याच्या देखभालीचे पैसे घेतात. आकडे गावोगाव बदलतात. कुठे सेमिस्टरला काही शे डॉलरांत भागतं, तर अलाबामासारख्या ठिकाणी घराबाहेर राहणाऱ्या मुलीचेही चार हजारांच्या आसपास जातात. पण त्यात जेवणाचा मोठा भाग असतो, हेही बघा. मेस आणि सोरोरिटी असे दोन्हीकडे पैसे भरले जात नाहीत ना, याची खात्री करा.

कराराच्या कागदावर दोन ओळी शोधा. एक, घरात राहण्याची सक्ती आहे का आणि कोणत्या वर्षी. बऱ्याच चॅप्टरांना घर भरलेलं लागतं, आणि मुलीने दुसरीकडे अपार्टमेंटचा करार केलेला असला तर दोन्हीकडचं भाडं गळ्यात पडतं. दुसरी, कार्यक्रम चुकवल्याचा दंड. आणि तक्त्यावर कधीच नसतात ते खर्च म्हणजे टी-शर्ट, फॉर्मलचा म्हणजे नटूनथटून जायच्या पार्टीचा ड्रेस आणि 'लिटल'साठी, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या नव्या मुलीसाठी, टोपलीभर भेटवस्तू. हे सगळं पाच-दहा डॉलर, वीस डॉलर करत जातं.

माझं मत विचाराल तर कर्जाच्या पैशातून फॉर्मलचे ड्रेस नकोत. पण "शिकायला पाठवलंय" या वाक्याने फक्त अबोला मिळतो. वर्षाची एक रक्कम ठरवा, तीही आकड्यात, आणि वरचं तिने कॅम्पसवरच्या नोकरीतून भागवावं. एफ-वन व्हिसावर कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. हप्त्यांची सोय आणि सोरोरिटीच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या बहुतेक ठिकाणी असतात, त्याही तिने विचाराव्यात.

नुसत्या सभासदत्वाने व्हिसाला काही होत नाही. धोका आहे तो दारूचा. अमेरिकेत वयाची २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत दारू बेकायदा आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर कोर्टाचा निकाल लागायच्या आधीही परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. खोटं ओळखपत्र हा वेगळा गुन्हा. अमेरिकी मैत्रिणीला जे दंडावर निभावतं ते तुमच्या मुलीला निभावेलच असं नाही. अबोला सुटला की हे तिला शांतपणे सांगा.

प्रश्न : चौथा आठवडा चालू आहे. रात्री दोन-दोनपर्यंत 'इव्हेंट', तोवर फोन बंद. विचारलं तर "सांगता येत नाही, प्रॉमिस केलंय." परवा व्हिडिओवर पाहिलं, चेहरा अगदी उतरलाय. ताई, हे रॅगिंग तर नाही ना? (एक आई, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

असू शकतं. इथे त्याला हेजिंग म्हणतात.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यामुळे आपल्या पिढीला रॅगिंग ओळखता येतं. नको असताना कोणी छळलं, म्हणजे रॅगिंग. हेजिंगचं अवघड दुखणं असं की मुलीला तिथे राहायचं असतं. आठ आठवडे सोसलं की आपण त्यांच्यातल्या, असा तिचा हिशेब असतो. म्हणून ती तक्रार करत नाही, उलट तुमच्यावरच उखडते. अनेक राज्यांच्या कायद्यांत म्हणूनच "तिची संमती होती" हा बचाव चालत नाही.

सोरोरिटीत गुप्त ठेवायच्या गोष्टी असतात, हे खरं आहे. इनिशिएशनचा विधी, परवलीचे शब्द, हात मिळवायची खास पद्धत. ते गुप्त राहू दे. पण तिची झोप, जेवण, शरीर, पैसे आणि फोन यांतलं काहीही गुप्ततेत बसत नाही. मुलींच्या हेजिंगमध्ये मारहाण क्वचित असते. पहाटेपर्यंत जागवणं, मोठ्यांची कपडे धुण्यापासून गाडी चालवण्यापर्यंतची कामं करायला लावणं, पाठांतर चुकलं की सगळ्यांसमोर अपमान, इतरांशी बोलायला बंदी, शरीरावरून टोमणे आणि दारू, असं ते असतं.

"रॅगिंग होतंय का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. काल किती वाजता झोपलीस? फोन तू बंद ठेवतेस की कोणी काढून घेतं? एखादी मुलगी परीक्षेमुळे आली नाही तर काय होतं? सोडून गेलेल्या मुलींबद्दल बाकीच्या काय बोलतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना तिचा आवाज कसा येतो, ते ऐका.

२०१७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच मंडळीत, नव्या सभासदाला दारू पाजली गेली, तो जिन्यावरून पडला आणि मदत बोलवायला तासन् तास लावले गेले. तो मुलगा वाचला नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदा कडक केला. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्टॉप कॅम्पस हेजिंग ॲक्ट' हा देशभराचा कायदा झाला. त्यामुळे दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती आता विद्यापीठांना जाहीर करावी लागते. तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'कॅम्पस हेजिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट' शोधा आणि तिच्या चॅप्टरचं नाव आहे का ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

उत्तरं वाईट आली तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयाला आणि सोरोरिटीच्या राष्ट्रीय कार्यालयाला कळवता येतं, नाव न देताही. ती रागावेल. तरी जिवाला धोका वाटला तर तिच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा: कोणी दारूने बेशुद्ध झालं तर आधी ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. मदत बोलावणाऱ्याला कमी वयाच्या पिण्याबद्दलच्या कारवाईतून सूट देणारे नियम बहुतेक राज्यांत आहेत.

प्रश्न : नातीचा फोटो आला. पन्नासेक मुली, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या. सून म्हणते काही नाही हो आई. पण तिने धर्म तर नाही ना बदलला? (एक आजी, कोल्हापूर)

नाही आजी. जुन्या सोरोरिटी प्रोटेस्टंट घरांतल्या मुलींनी काढल्या, त्यामुळे काहींच्या विधींत बायबलातल्या प्रतिमा आहेत, पण त्याने धर्मांतर होत नाही. हिंदू, मुसलमान, ज्यू अशा सगळ्या मुली त्यांत असतात. एके काळी ज्यू मुलींना यांच्या दारातूनच परत पाठवत, म्हणून त्यांनी १९०९ मध्ये अल्फा एप्सिलॉन फाय आणि १९१७ मध्ये सिग्मा डेल्टा टाऊ काढली. एखादा शब्द म्हणणं नातीला पटत नसेल, तर तिने आधीच चॅप्टरच्या अध्यक्षांशी बोलावं. पांढरा रंग ही त्यांची रीत, आपल्याकडे त्याने मनात येतं ते त्यांच्या मनात येत नाही.

प्रश्न : बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला चल म्हटलं की आमच्या कन्येच्या कपाळाला आठ्या. आणि आता ऑस्टिनला जाऊन साउथ एशियन सोरोरिटी! गोऱ्या मुलींनी घेतलं नाही म्हणून का? (एक वडील, डॅलस)

तसंच असेल असं का धरून चालता? अधिवेशनाला तुम्ही नेत होता, इथे ती स्वतः गेली. यात मला तरी तक्रारीसारखं काही दिसत नाही.

पण प्रश्नामागची शंका अगदीच हवेतली नाही. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या 'क्रिम्सन व्हाइट' या विद्यार्थी-वृत्तपत्राने छापलं, की चॅप्टरमधल्या मुलींना हवी असलेली एक कृष्णवर्णी मुलगी माजी सभासदांनी आडकाठी केल्यामुळे घेतली गेली नाही. गाजावाजा झाला आणि मग दारं उघडली. कृष्णवर्णी मुलींनी वाट पाहिली नव्हतीच, त्यांची अल्फा काप्पा अल्फा १९०८ मध्येच हॉवर्ड विद्यापीठात निघाली. कमला हॅरिस तिच्याच सभासद. आपल्याकडच्या मुलींची वेळ १९९८ मध्ये आली. त्या एकाच नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्या ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो निघाली.

या संस्थांचं बहुधा स्वतःचं घर नसतं, सभासद थोड्या आणि खर्चही कमी. मात्र नव्या मुलींचा प्रवेशाचा काळ जास्त बंदिस्त असतो. आपल्याच मुली आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, कॅरीच्या आईला सांगितलेले प्रश्न इथेही विचारा.

प्रश्न : सोरोरिटीच्या घरात दारू चालते का? (एक आई, फ्रीमाँट)

परिषदेतल्या सोरोरिटींच्या घरांत मनाई असते. म्हणून पार्ट्या फ्रॅटर्निटीच्या घरी होतात, तिथे दार, दारू आणि माणसं सगळं मुलांच्या ताब्यात. तेव्हा चौकशी घराची नको. पार्टीला गेलेल्या मुली एकत्र परततात का, न पिता गाडी चालवणारी मुलगी ठरलेली असते का, ते विचारा.

प्रश्न : फॅमिली वीकेंडला घर बघायला जाणार आहोत. काय बघावं? आणि तिचे मार्क आम्हाला सोरोरिटीकडून कळतील का? (आई-बाबा, नेपरव्हिल, इलिनॉय)

जिन्यापाशी किंवा हॉलमध्ये मोठ्या चौकटी टांगलेल्या असतात, प्रत्येकीत त्या वर्षीच्या सगळ्या सभासदांचे छोटे अंडाकृती फोटो, खाली नावं. यंदाची आणि तीन वर्षांपूर्वीची चौकट शेजारीशेजारी ठेवून वाचा. तेव्हाच्या नव्या मुलींपैकी आज चौथ्या वर्षाला किती टिकल्यात? बऱ्याच गळाल्या असतील तर चहाच्या वेळी सहज विचारा. घरात राहणाऱ्या हाऊस डायरेक्टर बाईंशी पाच मिनिटं बोला, रात्री कोणाला बरं नसेल तर कोण उठतं ते त्यांनाच ठाऊक असतं. स्वयंपाकघरात डोकावून शाकाहारी मुलीच्या ताटात रोज काय पडतं तेही बघा, नाहीतर सॅलड आणि चीज पिझ्झ्यावर चार वर्षं निघतात.

मार्क कळणार नाहीत. सभासद राहायला किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो, त्यामुळे चॅप्टर त्यांवर लक्ष ठेवतो, पण तुम्हाला सांगणं त्यांचं काम नाही. फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर शैक्षणिक नोंदींचा हक्क मुलीकडे जातो. तिने रजिस्ट्रारकडे लेखी संमती दिली तर विद्यापीठ तुमच्याशी बोलू शकतं. वीकेंड शुक्रवारी सुरू होतो आणि रजिस्ट्रारचं ऑफिस शनिवारी बंद असतं, तेव्हा विचारायचं असेल तर तिला आदल्या आठवड्यात फोनवर विचारा.