हनुक्काला रोज ‘आई, आज काय आणलं?’

ठाण्याच्या एक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या, ताई माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलं दोन, सात आणि दहा वर्षांची. मामेभावंडं अमेरिकेत, तिकडे हनुक्काला, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, आठ रात्री आठ गिफ्ट आणि ती व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवायची, मग इकडे दिवे लागायच्या आधीच सुरू, "आई, आज काय आणलं?" ताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं हो, पण आता नाही दिलं तर त्यांना सण सणच वाटत नाही."

खरं सांगते, आधी माझाच सल्ला चुकला. छोटी छोटी गिफ्ट द्या म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी खोडरबर बघून धाकटी भोकाड पसरून रडली.

पुढच्या वर्षी सणाआधी परत आल्या तेव्हा विचारलं, दिवे लागल्यावर घरात कोण काय करतं? तर या किचनमध्ये, नवरा फोनवर, मुलं पाकिटं फाडतायत. मग बोलता बोलता त्यांनाच आठवलं, दिवे जळतात तो निदान अर्धा तास बायकांनी काम करायचं नाही असा रिवाज आहे. म्हटलं अहो, मग अजून काय पाहिजे! तो अर्धा तास सगळ्यांनीच खाली बसायचं, फोन आत.

त्यात सेविवोन, म्हणजे त्यांचा चार बाजूंचा भोवरा, प्रत्येक बाजूवर एक हिब्रू अक्षर, डाव शेंगदाण्यांचा. गिमेल आलं की सगळे आपले, ‘हे’ अक्षर आलं तर अर्धे, नून आलं तर काही नाही, शीन आलं की आपल्यातला एक टाकायचा. नवरा सलग तीनदा शीनवर हरला आणि मुलं हसून लोळली म्हणे. तळणाचा सण, म्हणून एक दिवस बटाट्याचे लाटके, म्हणजे किसाच्या तळलेल्या टिक्क्या, किसायला मुलं. आणि आजोबांना एक रात्र दिली गोष्टीसाठी, त्यांनी सांगितलं की कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणायचे, घाण्यावर तेल काढायचो आणि शनिवारी घाणा बंद. तेलाच्या चमत्काराचा सण (देवळात एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, ती गोष्ट) आणि आपणच तेली, हे थोरल्याला जाम आवडलं.

अर्थात कॉल झाला की तो अजून कुरकुरतोच, म्हणून शेवटच्या दिवशी एक गिफ्ट, आधीच ठरलेलं. आणि शमाश, म्हणजे बाकीचे दिवे पेटवायची ती नववी मेणबत्ती, कोण धरणार यावरून रोज भांडण. ते सोडवायला मी गेलेच नाही.