गाडी निवडताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा विचार

चि. पुतणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नऊ लाखांच्या आत बसणारी, दादा-वहिनींना घेऊन गावी जाता येईल अशी आणि तरीही चालवताना मजा देणारी गाडी हवी, अशा तीन अटी तू घातल्या आहेस आणि त्यांपैकी एकीवर पाणी सोडावे लागेल की काय, अशी धास्तीही व्यक्त केली आहेस. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या कार्यशाळेत गेली असल्यामुळे मी या धास्तीकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. मुंबई-पुण्यातल्या माणसासाठी सोय आणि मजा या गोष्टी खरोखरच एकमेकींच्या विरोधात जाऊ शकतात. आपल्या रस्त्यांवर मात्र जी गाडी चालवणाऱ्याला आवडते तीच बहुधा मागे बसणाऱ्यालाही सोसवते. भांडण उरते ते पैशाशी, म्हणून आधी ते मिटवू.

नऊ लाख म्हणजे शोरूमच्या फलकावरची किंमत, असे तू धरले आहेस. तसे धरू नकोस. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेल गाडीवर १३ टक्के रस्ता कर एकरकमी भरावा लागतो. शिवाय नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पावणेआठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८५ हजारांवर कर बसतो, त्यानंतर विमा, नोंदणी आणि फास्टॅग यांसाठी चाळीसेक हजार उरतात, आणि नऊ लाख तिथेच संपतात. म्हणजे तुझी शोरूममधली मर्यादा पावणेआठ लाखांची आहे. कर्ज सहा लाखांचे घेणार असशील आणि व्याज ९ टक्के धरले, तर पाच वर्षांसाठी महिना साधारण १२,४५० रुपये आणि सात वर्षांसाठी ९,६५० रुपये हप्ता येतो. दुसरा आकडा गोड वाटतो, पण त्या गोडव्यापायी तू सुमारे ६३ हजार रुपये जास्तीचे व्याज भरशील. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडीच एक पायरी खालची घ्यावी, कर्जाची मुदत वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. तुझ्या कामाच्या बहुतेक गाड्या याच वर्गातल्या आहेत. जुनी गाडी घेण्याचा विचार केलास, तर विकणारा जुन्या करासह दिलेली किंमत सांगून घासाघीस करील. तेव्हा त्याला आजची नवी किंमत ऐकव.

आता तुझे रस्ते पाहू. सोमवार ते शुक्रवार रत्नागिरीत घर ते बँक असा चार-पाच किलोमीटरांचा फेरा, शनिवारी राजापूरकडे गाव आणि अधूनमधून दादांना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे म्हणजे अणुस्कुरा घाट. महामार्ग रुंद झाल्यामुळे तिथे कोणतीही गाडी धावते. त्यावरून गाडीची पारख होत नाही. पारख होते ती घाटात, गावच्या वाटेच्या उतारावर आणि भाट्ये, पावस, पूर्णगड, आडिवरे असा समुद्राच्या अंगाचा रस्ता धरल्यावर. या सगळ्या ठिकाणी गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये असते, वेग वीस ते पन्नासच्या दरम्यान असतो आणि दर शंभर पावलांवर वळण असते. तुला जी मजा हवी आहे ती याच वेगात मिळायला हवी. जाहिरातीतला शून्य ते शंभरचा आकडा अणुस्कुऱ्यात कुणाच्याही उपयोगाचा नाही.

या वेगात महत्त्वाच्या असतात त्या दोन गोष्टी: गाडीचे वजन, आणि इंजिन कमी फेऱ्यांवर किती ओढते. २०२४ साली आलेल्या मारुतीच्या नव्या स्विफ्टचे उदाहरण घे. तिचे तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे इंजिन ८२ पीएस (साधारण अश्वशक्तीएवढे माप) ताकद देते, पण ११२ न्यूटन मीटर हा तिचा कमाल टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, इंजिनाच्या मिनिटाला ४,३०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. त्याच कंपनीच्या फ्रॉन्क्समधले एक लिटरचे टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोराने जास्त हवा आत कोंबणारे, इंजिन १४८ न्यूटन मीटर टॉर्क दोन हजार फेऱ्यांपासूनच द्यायला लागते. कागदावर टर्बो सरस दिसते आणि चार माणसे व आंब्याच्या पेट्या भरून चढ चढायचा असेल तर ते सरस आहेच. परंतु टर्बो इंजिनाला दोन हजारांच्या खाली सोडलेस की ते क्षणभर मरगळते, आणि आंधळ्या वळणावर समोरून एसटी आल्यामुळे वेग कमी केल्यानंतर नेमका तोच क्षण येतो. साध्या इंजिनात गिअर वेळेवर खाली टाकावा लागतो, एवढेच. त्यातच स्विफ्टचे वजन ९२० किलोंच्या आसपास आहे, तर टाटांच्या नेक्सॉनसारखी गाडी बाराशेच्या पुढे जाते. हा अडीच-तीनशे किलोंचा फरक चढावर इंजिनाला, उतारावर ब्रेकला आणि वळणावर टायरला जाणवतो. हलकी गाडी पन्नासच्या वेगातही जिवंत वाटते आणि ज्याला गाडी चालवण्याची आवड आहे त्याला ते लगेच कळते.

याच्या विरोधात एकच खरा मुद्दा आहे, तो म्हणजे जमिनीपासूनची उंची. स्विफ्टची १६३ मिलिमीटर, तर फ्रॉन्क्सची १९०. आपल्या घराकडे उतरणाऱ्या वाटेवर, जिथे एका बाजूला गडगा आहे आणि मधोमध पावसाने जांभा उघडा पडला आहे, तिथे हे सत्तावीस मिलिमीटर मोलाचे ठरू शकतात, कारण मागे माणसे बसली की कोणतीही गाडी आणखी थोडी खाली बसते. पण म्हणून आधीच उंच गाडीकडे धाव घेऊ नकोस. उंच गाडी वळणावर अधिक झुकते आणि वहिनींना गाडी लागते, हे तुला ठाऊक आहे. घाटात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या पोटाला गाडीचे झुलणे पहिल्यांदा कळते. म्हणून शोरूमवाल्यांना चाचणीची गाडी घरापर्यंत आणायला सांग, मागे तिघांना बसव आणि खळ्यापर्यंत उतरून परत वर चढ. खालून घासल्याचा आवाज आला तर फ्रॉन्क्स किंवा टाटांची पंच यांचा विचार कर. नाही आला तर उंचीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

चाचणी कशी घ्यावी, हे मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक माणसे इथेच फसतात. विक्रेता तुला हातखंब्याच्या बाजूला सरळ रस्त्यावर नेईल, वातानुकूलन आणि टचस्क्रीन दाखवील आणि परत आणील. त्याला नम्रपणे सांग की निवळीच्या घाटाचा चढ हवा, तोही चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून. चढाच्या मध्यावर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबव आणि पुन्हा चालू कर. क्लच किती जड आहे, गाडी मागे सरकते का आणि इंजिन कण्हते का, हे तेव्हाच कळते. दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगात असताना अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाब आणि गाडी ताबडतोब पुढे सरकते की विचार करत बसते, ते पाहा. उजव्या वळणावर पुढच्या काचेचा खांब समोरून येणारी दुचाकी पूर्ण झाकतो का, हे नीट बघ. घाटात हा दोष जीवघेणा आहे आणि कोणत्याही माहितीपत्रकात तो छापलेला नसतो. स्टिअरिंग सोडल्यावर ते आपण होऊन सरळ होते का, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढल्यावर इंजिन गाडीला कितपत आवरते, हेही पाहा, कारण अणुस्कुऱ्याच्या सलग उतारावर केवळ ब्रेकवर विसंबणारा माणूस पायथ्याशी तापलेले ब्रेक घेऊन पोहोचतो. शेवटी पंधरा मिनिटे तू स्वतः मागच्या बाकावर बस. गाडी घेणारा मागे कधी बसूनच पाहत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

इंधनाविषयी थोडक्यात. तुझा आठवड्याचा फेरा पाहता डिझेलचा प्रश्नच नाही. बीएस-सहाच्या, म्हणजे सध्याच्या प्रदूषण-नियमांत बसणाऱ्या, डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते, ती साफ व्हायला गाडी बऱ्यापैकी वेळ तापून पळावी लागते, आणि बँकेपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत ते होत नाही. शिवाय कर दोन टक्के जास्त. सीएनजी किफायतशीर आहे, पण स्विफ्टचेच पाहायचे तर पेट्रोलवरचे ८२ पीएस सीएनजीवर सत्तरच्या आसपास येतात, टाकी सामानाची जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची चाचणी करावी लागते. टाटांनी अल्ट्रोजमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या सामानाच्या तळाखाली बसवून जागेचा प्रश्न बराच सोडवला आहे. चढावरच्या ताकदीचा मात्र सुटलेला नाही. महिना हजार किलोमीटर धरले तर लिटरला पंधरा आणि अठरा देणाऱ्या पेट्रोल गाड्यांमधला फरक महिन्याला अकरा लिटरांचा आहे. तो विचारात घे, पण त्यासाठी तुला न आवडणारी गाडी घेऊ नकोस.

विजेच्या गाडीबद्दल तू विचारले आहेस. शहरातला फेरा आणि घाट उतरताना परत मिळणारी वीज पाहता ती तुझ्यासाठी चांगलीच ठरली असती. पण तू भाड्याच्या खोलीत राहतेस, खाली स्वतःचा चार्जिंगचा प्लग नाही, आणि गावी वादळवाऱ्यात वीज गेली की कधी परत येईल, हे सांगता येत नाही. स्वतःचे घर झाल्यावर हा विषय पुन्हा काढ.

स्वयंचलित गिअरपैकी तुझ्या पैशांत एएमटी, म्हणजे साध्याच गिअरपेटीचा क्लच आणि गिअर यंत्राने टाकणारी सोय, येईल. गर्दीत ती सोयीची असते, परंतु घाटात ती चुकीच्या क्षणी वरचा गिअर टाकते आणि मागच्यांना हेलकावा बसतो. तुला चालवण्याची आवड आहे. हाताचे गिअरच घे. वाचलेले पैसे सनरूफवर घालवू नकोस. चार महिने पाऊस, उरलेल्या दिवसांत डोक्यावर ऊन, अशा मुलखात छताला भोक पाडून घेण्याची हौस मला आजवर समजलेली नाही. त्याऐवजी घसरणाऱ्या गाडीला सावरणारी ईएसपी आणि सहा एअरबॅग पाहा. नव्या स्विफ्टमध्ये या दोन्ही गोष्टी सर्व प्रकारांत येतात, म्हणजे त्यासाठी महागडा प्रकार घ्यावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आहे. जी गाडी ठरवशील तिचे तारे तिथे तपासून घे.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. २०२१ ते २०२४ दरम्यानच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचे, नव्वद पीएसचे इंजिन होते आणि ते नव्यापेक्षा अधिक मऊ फिरते, असे माझ्यासारख्या जुन्या माणसाचे मत आहे. मात्र एमएच-०८ ची, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात नोंदलेली, गाडी असेल तर जुलै २०२१ मधल्या चिपळूणच्या महापुराची आठवण ठेव. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहा, गालिचा उचल, सीटखालच्या पट्ट्यांवर आणि सुट्या चाकाच्या खड्ड्यात गंज किंवा गाळ आहे का ते बोट फिरवून बघ. किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर जॅकवर चढवून खालची बाजू पाहिल्याशिवाय बोलणी करू नकोस. खारा वारा रंगापेक्षा आधी तळ खातो. कर्ज फिटलेले असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि कर्जाची नोंद काढण्याचा ३५ क्रमांकाचा अर्ज, तसेच हस्तांतरणाचे २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

नवी घेतलीस तरी तळाला गंजरोधक लेप चांगला करून घे, आणि गाडी वाळूत कधीही घालू नकोस, मग मित्रमंडळींनी कितीही आग्रह केला तरी. आगोटीच्या आधी टायर तपास. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी चालते, पण आपल्या पावसात आणि लाल मातीच्या चिखलात तीनच्या खाली गेली की मी टायर बदलायला सांगतो. यासाठी चौथ्या वर्षापर्यंत थोडे पैसे बाजूला पडत राहतील, अशी व्यवस्था आजच कर. चांगले टायर ही घाटात गाडीची मजा वाढवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. पावसाळ्यात बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहत जा. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात.

तुझ्या जागी मी असतो तर मधल्या प्रकारची, हाताच्या गिअरची पेट्रोल स्विफ्ट आणि साध्या इंजिनाची फ्रॉन्क्स या दोन गाड्या एकाच दिवशी, एकाच चढावर, त्याच माणसांना बसवून चालवून पाहिल्या असत्या आणि गावच्या वाटेवर पहिली घासली नाही तर तीच घेतली असती. चाचणीला वहिनींना घेऊन जा आणि त्यांचे मत ऐक. कोटेशन मिळाले की पाठव. अ‍ॅक्सेसरीजच्या रकान्यात आणि शोरूमने सुचवलेल्या विम्याच्या रकमेत काय लिहिले आहे ते मला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नकोस.

तुझा,
काका