जुन्या रंगीत स्लाइड्स लाल का पडतात? स्कॅन करून मूळ रंग परत मिळतात का?

एकाच डब्यातल्या साठच्या दशकातल्या काही स्लाइड्स लालभडक आणि काही ठणठणीत, असं तुम्ही लिहिलंय. माउंटवरचं, म्हणजे स्लाइडच्या चौकटीवरचं, नाव वाचा. लाल झालेल्या बहुधा एक्टाक्रोम असतील, टिकलेल्या कोडाक्रोम; दोन्ही कोडॅकच्याच स्लाइड फिल्म.

'उन्हात राहिल्या असतील' हे स्कॅनिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर चूक आहे. ई-२, ई-३ या जुन्या धुलाई-प्रक्रियांच्या एक्टाक्रोममधला सायन (निळसर-हिरवा, लाल प्रकाश अडवणारा) रंगाचा थर बंद डब्यात, अंधारातही उडतो. उष्णता आणि दमटपणा त्याला पुरतात. लाल वाढलेला नसतो, सायन गेलेला असतो. सत्तरच्या दशकात आलेली ई-६ बरीच बरी. कोडाक्रोममध्ये रंग घडवणारी रसायनं, म्हणजे कपलर, फिल्ममध्ये नव्हे, ती धुण्याच्या द्रावणात (डेव्हलपरमध्ये) असायची. न वापरलेला कपलर फिल्ममध्ये मागे राहून पिवळा पडत नाही, म्हणून पांढरा पांढराच राहतो.

पण म्हणून कोडाक्रोम अमर, हा फोटो क्लबातल्या जुन्या मंडळींचा हेका मला मान्य नाही. अंधारात ती अव्वल, प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र फुजीच्या फुजीक्रोम स्लाइड फिल्मपेक्षा कच्ची. दर दिवाळीला पडद्यावर दाखवलेली कोडाक्रोम आणि कधीच न दाखवलेली शेजारी ठेवून पाहा, वाद मिटेल. मूळ स्लाइड प्रोजेक्टरमध्ये घालायचीच नाही, डुप्लिकेट दाखवायची.

स्कॅन १६ बिट टिफमध्ये (तपशील न गाळणारी फाइल) करा, स्कॅनरचा ऑटो कलर बंद ठेवून. कोडाक्रोमला स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाईही बंद, नाहीतर बारीक तपशील पुसले जातात. मग फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनेल घ्या. लाल चॅनेलचा आलेख उजवीकडे दाटलेला दिसेल. डावा काळा बाण आलेख सुरू होतो तिथे आणा. हिरव्या-निळ्यालाही तेच. नुसती कलर बॅलन्सची पट्टी सरकवू नका. जिथे रंग दाट तिथे तो जास्त उडतो, त्यामुळे सावल्या आभाळापेक्षा जास्त लाल असतात. पट्टीने सावल्या सुधारल्या की आभाळ हिरवट-निळं होतं. उरलेली झाक लाल चॅनेलच्या कर्व्हने काढा. सायन फारच गेला असेल तर सावल्यांत नुसते दाणे दिसतील. तिथलं काही परत येत नाही.

स्कॅन झालं म्हणून मूळ स्लाइड्स फेकू नका. सिलिका जेलसह दुहेरी हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर स्लाइडवर दव धरतं. कोकण-मुंबईकडच्या स्लाइड्सवर बुरशी असेल तर पाणी लावायचं नाही. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रच सुटतं.

आणि हो, माउंट बदललेला असू शकतो. शंका आली तर माउंट उघडून फिल्मच्या कडेवरची अक्षरं वाचा.