कर्ज कंपनीचं, गायरान आमचं: परदेशी सरकारी बँकेकडे दाद कशी मागायची?

प्रश्न: आमच्या गायरानावर एका कंपनीने सौरप्रकल्पासाठी कुंपण घातलं आणि गुरांची पाणवठ्याची वाट बंद झाली. कर्ज युरोपातल्या एका सरकारी विकास बँकेचं आहे. बँकेला पत्र लिहिलं, तर ‘ग्राहकाची माहिती गोपनीय’ एवढंच उत्तर आलं. आम्ही तर तिचे खातेदारही नाही. दाद कुठे मागायची?

उत्तर: खातेदार नसलात तरी तुमचा हक्क आहे. अशा बँकांच्या तक्रार यंत्रणा निघाल्याच तुमच्यासारख्यांसाठी. नेदरलँड्सची एफएमओ आणि जर्मनीची डीईजी या विकास बँकांची २०१४ पासून संयुक्त स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहे. फ्रान्सची प्रोपार्को त्यात नंतर आली. तुमची बँक यांपैकी नसेल, तर तिची स्वतःची यंत्रणा आहे का ते पाहा. पत्र साध्या पत्रव्यवहारात गेलं असावं. या वेळी वरच ठळक लिहा: ‘तक्रार यंत्रणेकडे’.

‘अन्याय झाला’ एवढ्यावर भागणार नाही. कुंपण कोणत्या तारखेला पडलं, पूर्वी गुरं कुठून पाण्यावर जात, आता किती फेरा पडतो, गावाला कुणी आणि कधी विचारलं, हे तारीखवार मांडा. कंपनीला दिलेल्या अर्जाची पोच जोडा. पायवाटेवर आडवी आलेली तार दिसेल असा फोटो हवाच. या बँका आयएफसीची (जागतिक बँक गटातली, खासगी कंपन्यांना कर्ज देणारी संस्था) मानकं पाळायला बांधील असल्याचं सांगतात. त्यातलं पाचवं मानक जमीन आणि उपजीविकेचं आहे, सामायिक चराऊ जमिनीची वाट तुटणंही त्यात येतं. त्याचा उल्लेख करा. सूड उगवला जाईल अशी भीती असेल, तर नावं गुप्त ठेवण्याची मागणी पहिल्याच पानावर करा.

पुढे दोन रस्ते आहेत: मध्यस्थी, म्हणजे कंपनीशी बोलून तोडगा, किंवा अनुपालन तपासणी, म्हणजे बँकेने आपले नियम पाळले का याची चौकशी. तुम्हाला वाट मोकळी हवी आहे, म्हणून मी आधी मध्यस्थी मागेन. तपासणी होते ती बँकेच्या वागण्याची. पनामातल्या बारो ब्लँको धरणाच्या तक्रारीत एफएमओ-डीईजीच्या याच यंत्रणेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलं, की मंजुरीआधी आदिवासींच्या संमतीची बँकांनी अधिक खातरजमा करायला हवी होती. पण मंडळ भरपाईचा हुकूम देऊ शकत नाही.

बँक आणि कंपनीचा आर्थिक संबंध चालू असेपर्यंतच तक्रार दाखल होते, म्हणून थांबू नका. आणि तक्रार केली म्हणून न्यायालयातली मुदत थांबत नाही. ती तारीख स्थानिक वकिलाकडून याच आठवड्यात तपासून घ्या.