उत्तर: ऑपरेशनमध्ये शिरेतून भूल देताना पंप बरा की पूर्ण ऑटोमॅटिक मशीन?

मी भूलतज्ज्ञ आहे, ओटीत रोज हेच काम असतं. तुम्ही विचारलंय की डॉक्टर पंपावर डोस लावतात ते जास्त सेफ की मशीन स्वतःच डोस ठरवतं ते, पण मुळात पंपातच दोन जाती आहेत आणि त्यामुळेच सगळा गोंधळ होतो.

साधा सिरिंज पंप म्हणजे तासाला अमुक एमएल सांगितलं की तेवढं ढकलणार, बस. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधासाठी 10-8-6 अशी जुनी पद्धत आहे, आधी किलोला 1 मिलिग्रॅम एकदम द्यायचं, मग पहिली 10 मिनिटं किलोमागे तासाला 10 मिलिग्रॅम, पुढची 10 मिनिटं 8 आणि नंतर 6, कारण सुरुवातीला औषध रक्तातून बाकीच्या शरीरात भराभर पसरतं आणि तिकडची जागा भरत गेली की कमी पुरतं. हेच गणित पंपाने स्वतः करायचं म्हणजे टीसीआय (टार्गेट कंट्रोल्ड इन्फ्युजन), ही पंपाची दुसरी जात. 1996 साली डिप्रिफ्यूझर नावाची अशी सिस्टीम आली तेव्हापासून हे वापरात आलं. आपण फक्त रक्तातली पातळी सांगायची, समजा 3 मायक्रोग्रॅम प्रति एमएल, आणि वय, वजन, उंची टाकायची. पण पंप रक्त तपासत नाही हो, स्क्रीनवरचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो, त्याच वयावजनाच्या दुसऱ्या माणसात खरी पातळी बरीच वेगळी निघू शकते.

खरं ऑटोमॅटिक म्हणजे क्लोज्ड लूप. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूच्या लहरी घेऊन भूल किती गाढ हे सांगणारा बीआयएसचा आकडा येतो (आकडा जास्त म्हणजे भूल हलकी), तो 40 ते 60 मध्ये राहावा म्हणून मशीन औषध कमीजास्त करत राहतं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 2008 मध्ये मॅकस्लीपी नावाचं असं मशीन आलं, चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्येही अशी सिस्टीम बनलीय. आकडा रेंजमध्ये धरून ठेवायला ही मशीन हातापेक्षा सरस ठरतात हे अभ्यासांत दिसलंय आणि मला ते पटतं, कारण दर काही सेकंदांनी न कंटाळता डोस बदलणं माणसाला जमत नाही.

पण सर्जनने कॉटरी (रक्त थांबवायला विजेने भाजणारं उपकरण) लावली की तोच आकडा भरकटतो, कपाळाचे स्नायू ताणले की वर जातो, केटामाइन हे दुसरं भुलीचं औषध दिलं तर पेशंट गाढ असूनही वाढतो. त्या क्षणी आकड्यामागे धावायचं नसतं, पल्स, बीपी, आत्ता पोटात काय चाललंय हे सगळं बघून ठरवायचं असतं.

आणि सगळ्यात मोठा धोका या दोन्हीत सारखाच आहे, तो म्हणजे औषध शिरेत पोचतंय का! कॅन्युला (शिरेत घातलेली बारीक नळी) शिरेबाहेर सरकली किंवा पंपाची नळी सुटली तरी पंप शांतपणे चालूच राहतो. ब्रिटन-आयर्लंडच्या 2014 च्या एनएपी5 या मोठ्या पाहणीत शिरेतून भूल दिलेल्यांपैकी जे ऑपरेशनमध्ये जागे राहिले, त्यांच्यात औषध हवं तेवढं न पोचणं हेच मोठं कारण निघालं. म्हणून मी हात चादरीखाली पूर्ण झाकू देत नाही, कॅन्युला दिसलीच पाहिजे.

माझं मत विचाराल तर टीसीआय, सोबत बीआयएस आणि शेजारून न हलणारा डॉक्टर. क्लोज्ड लूप लांबलचक ऑपरेशनमध्ये मदतीला जरूर असावं, डॉक्टरऐवजी नको.

तुम्ही एवढंच करा, वजन अंदाजे सांगू नका, मोजून सांगा, आणि दारू, झोपेच्या गोळ्या घेत असाल किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये जाग आली असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.