आधी सायलेन्सर सोडा

बाइकचे पार्ट बफवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर, चमकवायला शिकताय ना? मग सायलेन्सर राहू द्या हो आत्ता. त्यावर क्रोमचा पातळ थर असतो. तो उडाला की पुन्हा प्लेटिंगच. ॲल्युमिनियमच्या क्लच कव्हरवर हात बसवा.

खरी चमक बफच्या आधीच ठरते. लॅकर (वरचा पारदर्शक थर) काढून पाणी लावत ४००, ८००, १२०० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) मारा, दर नंबरला दिशा बदलून. मी घाई केली होती. आरशासारख्या कव्हरवर एक आडवी रेघ अजून हसते.

चुका नेहमीच्याच:
- तपकिरी आणि पांढऱ्या सोपला (चाकाला लावायच्या पॉलिशच्या वड्या) एकच चाक.
- पार्ट चाकाच्या मध्यावर धरणं. खाली धरा, वरची कड चाकाला देऊ नका, हिसकावून फेकतं.
- गरम पार्ट धरायला जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा! दशी अडकली की बोटंही आत. त्यापेक्षा थांबा, गार होऊ द्या.

गॉगल, मास्क लावूनच मोटर चालू करा.